एक ओव्हरी काढली, तर बीज महिनाआड तयार होतं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुमचं वय 28. पाच महिन्यांपूर्वी एका रात्री पोटात उजवीकडे अचानक असह्य दुखलं, उलट्या सुरू झाल्या. गावाहून नागपूरला आणलं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनने उजवी ओव्हरी काढावी लागली. तिच्यात डर्मॉइडची, म्हणजे आत चरबी-केस असलेली, गाठ होती आणि गाठीसकट ओव्हरीला पीळ बसला होता. बायोप्सीत गाठ साधी निघाली. त्यानंतर पाळी दर 29-30 दिवसांनी येते आहे. पण घरात तुम्हाला सांगितलं जातंय की आता बीज महिनाआडच तयार होणार, मूल होण्याची शक्यता निम्मी झाली, आणि उजवी गेली म्हणजे मुलगा तर होणारच नाही. त्यात एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, 1.4 आला, आणि चौदाव्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत उरलेल्या डाव्या ओव्हरीत '21 मिमीची सिस्ट' लिहून आली. ही ओव्हरीही जाईल का, आणि टेस्टट्यूब बेबीची घाई करावी का, हे तुम्ही विचारलंय.

मी नागपुरात धंतोलीत बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ओव्हरी काढलेल्या तरुण मुली आणि त्यांच्यासोबत आलेल्या आया-सासवा यांच्याशी हेच बोलणं मी अनेकदा केलं आहे. तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे काही गोष्टी 'असं असेल तर' म्हणूनच सांगता येतील. पण मुख्य उत्तर त्यावर अवलंबून नाही, म्हणून ते आधी देते: तुमच्या शरीरातला बीजांचा साठा कमी झाला आहे, दर महिन्याचं काम मात्र कमी झालेलं नाही. तुमच्या घरात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

सुरुवात ओव्हरी कुठे आणि कशी असते इथून करू, कारण पीळ का बसला हेही त्यातूनच कळतं. तरुण वयातली ओव्हरी साधारण 3 सेंटीमीटर लांब, 2 रुंद आणि 1 ते दीड सेंटीमीटर जाड असते. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना, ओटीपोटाच्या भिंतीलगतच्या खोलगट जागेत ती असते. पण ती भिंतीला चिकटलेली नसते. आतल्या बाजूने एका पट्टीने ती पिशवीशी जोडलेली असते, आणि बाहेरच्या बाजूने दुसऱ्या पट्टीने वर, कमरेच्या दिशेने टांगलेली असते. या बाहेरच्या पट्टीतून तिची रक्तवाहिनी येते, आणि ती थेट पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या जवळून निघते. इतक्या लांबून रक्त येण्याचं कारण असं की गर्भात असताना ओव्हरी मूत्रपिंडाजवळच तयार होते आणि नंतर खाली सरकते. सरकताना ती आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन येते. दोन बाजूंनी टांगलेल्या अशा मोकळ्या अवयवात डर्मॉइडची जड गाठ वाढली की तो त्या पट्टीभोवती फिरू शकतो. उजवीकडे हे जास्त होतं. डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे तिथे फिरायला वाव कमी, असं मानलं जातं.

'वाचवता आली असती का' हे तुम्ही उघड विचारलं नाहीत, पण तुमच्या लिहिण्यात ते आहे. पीळ बसला की आधी शिरा दाबल्या जातात, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. धमनीची भिंत जाड, ती उशिरा बंद होते. म्हणजे रक्त आत येत राहतं, बाहेर जाऊ शकत नाही, आणि ओव्हरी सुजून काळी-निळी दिसू लागते. शिवाय ओव्हरीला गर्भपिशवीच्या धमनीचीही एक फांदी मिळते, म्हणून रक्ताची वाट सहसा दोन बाजूंनी असते. त्यामुळे काळी दिसणारी ओव्हरीसुद्धा पीळ सोडवल्यावर पुष्कळदा सावरते, आणि तरुण मुलीत शक्य तिथे पीळ सोडवून ओव्हरी ठेवावी असाच आता सर्वसाधारण कल आहे. पण दुखणं सुरू होऊन किती तास झाले होते, गाठ केवढी होती, ऊती गळून जाण्याइतकी खराब झाली होती का, गाठ वेगळी करताना रक्तस्राव थांबत होता का, हे टेबलावर उभ्या असलेल्या सर्जनलाच दिसतं. मी तिथे नव्हते. ऑपरेशनची नोंद मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या उपचारासाठीही ती लागेल. तिच्यात दोन गोष्टी बघा. बीज गर्भपिशवीकडे नेणारी उजवी नळीही काढली का? आणि डाव्या ओव्हरीबद्दल काय लिहिलंय? डर्मॉइड 10 ते 15 टक्के बायकांमध्ये दोन्ही बाजूंना असते, म्हणून डाव्या ओव्हरीचं वर्णन महत्त्वाचं आहे.

आता बीजाकडे येऊ. बाईच्या शरीरात नवी बीजं तयार होत नाहीत. ती आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार झालेली असतात. गर्भाच्या पाचव्या महिन्यात त्यांची संख्या 60-70 लाखांपर्यंत असते, जन्माच्या वेळी 10 ते 20 लाख, पाळी सुरू होताना 3-4 लाख. आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती फार तर 400 ते 500. उरलेली सगळी आतल्या आत विरून जातात. पाळी येवो न येवो, बाई गरोदर असो वा गोळ्या घेत असो, ही गळती चालूच असते.

प्रत्येक बीज पेशींच्या एका छोट्या आवरणात झोपलेलं असतं. त्यातली काही रोज जागी होतात आणि कित्येक महिने हळूहळू वाढतात. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक थोडं जास्त येतं. त्या वेळी वाढीच्या योग्य टप्प्यावर असलेल्या काही पुटिका, म्हणजे बीजाच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या, एकदम वाढीला लागतात. आपल्याकडे कपाशी टोबताना एका जागी दोन-तीन सरक्या टाकत, आणि उगवल्यावर एक जोमदार रोप ठेवून बाकीची विरळणीत उपटत. ओव्हरीत साधारण तसंच होतं, फक्त इथे विरळणी संप्रेरकांतून होते. जी पुटिका पुढे निघते ती जास्त इस्ट्रोजेन तयार करते. ते इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन नावाचं दुसरं संप्रेरक रक्तातून पिट्युटरीपर्यंत पोहोचतं आणि ती एफएसएच कमी करते. बाकीच्या पुटिका त्या कमी एफएसएचवर तग धरत नाहीत, सुकतात. पुढे गेलेली मात्र तगते. तिला रक्तपुरवठा चांगला झालेला असतो आणि थोड्या एफएसएचवरही ती वाढू शकते.

ही निवड डावी-उजवी अशा पाळीने होत नाही. दोन्ही ओव्हरी शाबूत असतानाही एकच बाजू सलग दोन-तीन महिने काम करू शकते. अभ्यासांत उजव्या बाजूने बीज किंचित जास्त वेळा निघताना दिसलं आहे, पण महिनाआड अशी शिस्त कुणातच नसते.

आता उजवी ओव्हरी गेली तर काय होतं ते बघा. पिट्युटरीला ओव्हरी एक आहे की दोन हे कळतच नाही. तिला फक्त रक्तातलं इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन कळतं. ऑपरेशननंतर ते थोडं कमी पडलं की ती एफएसएच थोडं जास्त सोडते, आणि डाव्या ओव्हरीतल्या पुटिका वाढीला लागतात. त्यातून एक निवडली जाते, तिच्या इस्ट्रोजेनने चक्र पुन्हा जागेवर येतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. म्हणून एकच ओव्हरी असलेल्या बाईला दर महिन्याला पाळी येते आणि दर महिन्याला बीज निघतं. तुमची पाळी ऑपरेशननंतरही 29-30 दिवसांनी येते, हाच तुमच्या शरीराने दिलेला पुरावा आहे. बीज महिनाआड फुटलं असतं, तर पाळी अशी घड्याळासारखी आली नसती. हाडं, त्वचा, योनीमार्ग यांना लागणारं इस्ट्रोजेनही एक ओव्हरी पुरेसं देते, त्यामुळे कुणी 'एकच आहे म्हणून हार्मोनच्या गोळ्या घ्या' म्हणालं तर त्या कशासाठी, हे आधी विचारा.

आणि आता ती 21 मिमीची 'सिस्ट'. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात वाईट याचंच वाटलं, कारण जी गोष्ट बघून तुम्ही चार रात्री झोपला नाहीत, तीच तुमची ओव्हरी नीट चालते आहे याची खूण असण्याची शक्यता जास्त आहे. निवडलेली पुटिका दिवसाला सुमारे 2 मिलिमीटरने वाढते आणि साधारण 18 ते 24 मिलिमीटरची झाली की फुटते. बीज पुढच्या पाळीच्या अंदाजे 14 दिवस आधी निघतं. तुमचं चक्र 29-30 दिवसांचं, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या आसपास. चौदाव्या दिवशी तिथे 21 मिलिमीटरची स्वच्छ पाण्याची पिशवी दिसणार नाही, तर काय दिसणार? सोनोग्राफी करणाऱ्याला पाळीची तारीख सांगितली नव्हती, किंवा कागदावर ती आली नाही, तर तो 'सिस्ट' लिहितो. त्याच्या बाजूने ते चूक नाही, पाण्याची पिशवी दिसली तर सिस्टच लिहिणार. पाळी येणाऱ्या बाईत 3 सेंटीमीटरपर्यंतची साधी, स्वच्छ पिशवी ही नेहमीची गोष्ट समजली जाते. तुम्ही दिलेलं डाव्या ओव्हरीचं माप 3.2 × 2.1 × 1.9 सेंटीमीटर, म्हणजे आकारमान साधारण 6.7 मिलिलिटर. तेही अगदी योग्य आहे.

एवढं मात्र करा: पुढची पाळी आल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात एकदा सोनोग्राफी करून घ्या. पुटिका असेल तर ती गेलेली असेल. राहिली असेल, किंवा आत चरबी-केसांसारखं काही दिसलं, तर डाव्या बाजूच्या डर्मॉइडचा विचार करावा लागेल. तसं काही नसेल, तर डाव्या ओव्हरीची सोनोग्राफी पुन्हा कधी करायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे घाबरायला नको. पुटिका फुटल्यावर तिच्या जागी पिवळसर ग्रंथी तयार होते, जी 14 दिवस प्रोजेस्टेरॉन देते. कधी तिच्यात थोडं रक्त साचतं आणि रिपोर्टमध्ये 'हेमोरेजिक सिस्ट' येतं. अशा वेळी बहुतेकदा सहा ते बारा आठवडे थांबून पुन्हा बघणं हाच उपचार असतो. उरलेल्या एकुलत्या ओव्हरीवर ऑपरेशन करायला मी फार सावकाश तयार होते, कारण गाठ काढताना भोवतीची थोडी चांगली ऊतीही जाते, आणि तुमच्याकडे ती घालवायला नाही.

बीज नळीत कसं जातं, हेही थोडक्यात. ओव्हरी आणि नळी एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. बीज पोटाच्या पोकळीत सुटतं आणि नळीच्या झालरीसारख्या टोकाने ते उचललं जातं. एका बाजूची ओव्हरी आणि दुसऱ्याच बाजूची नळी एवढंच उरलेल्या बायकांनाही दिवस राहिले आहेत, म्हणजे ही झालर पलीकडचं बीजही उचलू शकते. तुमची तर डावी ओव्हरी आणि डावी नळी दोन्ही एकाच बाजूला आहेत, त्यामुळे उजवी नळी काढली असली तरी त्याची चिंता नको.

मुलगा-मुलगी. हे मी ठामपणे लिहिते आहे, आणि हा परिच्छेद घरात वाचून दाखवा. उजव्या ओव्हरीतून मुलगा आणि डावीतून मुलगी, हे साफ चूक आहे. बाईच्या प्रत्येक बीजात, मग ते कोणत्याही ओव्हरीतलं असो, एक्स गुणसूत्रच असतं. त्याला दुसरं एक्स मिळालं तर मुलगी, वाय मिळालं तर मुलगा, आणि हे पुरुषाच्या शुक्राणूवरून ठरतं. डाव्या ओव्हरीतून मुलं आणि मुली दोन्ही होतात. इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या 28 वर्षांच्या मुलीला हे ऐकवलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

एएमएचचं बघू. हे संप्रेरक लहान, वाढत्या पुटिका तयार करतात. त्यामुळे ते साठ्याचा अंदाज देतं. एक ओव्हरी गेल्यावर हा आकडा कमी होणारच, तो अर्ध्याजवळ आला तर त्यात आश्चर्य नाही. पण हा आकडा बीजाची प्रत सांगत नाही. या महिन्यात नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हेही सांगत नाही. 2017 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्या बायकांना दिवस राहण्याची शक्यता कमी आढळली नाही. एएमएच खरा उपयोगी पडतो तो टेस्टट्यूबसाठी इंजेक्शनं दिल्यावर एका वेळी किती बीजं मिळतील याचा अंदाज घ्यायला. एक ओव्हरी असेल तर ती कमी मिळतात, हे खरं आहे. बीजाची प्रत मुख्यतः वयावर ठरते, आणि तुमचं वय तुमच्या बाजूने आहे. ऑपरेशननंतर लगेच, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तपासलेला एएमएच कमी येऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

साठा अर्धा झाला म्हणजे पाळी दहा-पंधरा वर्षं आधी जाईल का? नाही. एक ओव्हरी काढलेल्या बायकांत पाळी जाण्याचं वय सरासरी एक-दोन वर्षांनीच अलीकडे येतं. साठा मोठा असताना रोजची गळतीही मोठी असते, तो कमी झाला की गळतीही मंदावते, हे त्याचं मुख्य स्पष्टीकरण. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 धरतात. तुमच्या आईची किंवा मोठ्या बहिणीची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, तर मात्र हिशेब वेगळा, ते डॉक्टरांना नक्की सांगा. डाव्या ओव्हरीवर आधी एखादं ऑपरेशन झालं असेल, एंडोमेट्रिऑसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर वाढणं) असेल, किंवा कधी क्षयरोग झाला असेल, तर तेही. क्षयाने नळ्या बंद पडू शकतात, आणि आपल्याकडे त्याचा विचार करावाच लागतो.

मग टेस्टट्यूबची घाई? तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी ती करणार नाही. जखम भरली आहे, पाळी नियमित आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसेल तर आता नैसर्गिक प्रयत्न सुरू करा. नियम असा की पस्तिशीच्या आत वर्षभर वाट बघावी. तुमच्यासारख्या बाईला मी मात्र सहा-आठ महिन्यांनीच पुन्हा बोलावते आणि गरज वाटली तर नळीची तपासणी करते. पाळीच्या अकराव्या ते सोळाव्या दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरेसे आहेत, तारखा जपत बसायची गरज नाही. एकच ओव्हरी असताना मूल चार-पाच वर्षं पुढे ढकलू नका, एवढा माझा आग्रह आहे.

नवऱ्याची वीर्यतपासणी आधी करून घ्या. ती साधी आणि स्वस्त असते, तरी आपल्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्यावरच तिची आठवण होते. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम आतापासून सुरू करा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. आणि विदर्भातल्या प्रत्येक जोडप्याला सांगते तेच तुम्हालाही सांगते: दोघांची सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी दिवस राहण्याआधी करून घ्या. आपल्या भागात त्याचं प्रमाण जास्त आहे, आणि दोघेही वाहक असले तर आधी कळलेलं बरं. दिवस राहिल्यावर पहिले आठ-दहा आठवडे प्रोजेस्टेरॉन डाव्या ओव्हरीतूनच येईल. त्यानंतर ते काम वार घेते. एकच ओव्हरी आहे एवढ्याच कारणाने वेगळं प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

शेवटचं आणि तातडीचं. डाव्या बाजूला अचानक जोरात दुखलं, मळमळ-उलटी झाली, कुशी बदलली तरी चैन पडेना, तर तो पुन्हा पीळ असू शकतो. दुखणं कमी-जास्त होतं म्हणून फसू नका, पीळ थोडा सुटून पुन्हा बसू शकतो. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं खात्रीने म्हणता येत नाही. गॅसचं औषध घेऊन सकाळची वाट बघू नका. तुम्ही गावी असाल तर वाटेतल्या अशा दवाखान्यात थांबू नका जिथे रात्री ऑपरेशन होत नाही. सरळ नागपुरात या, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे अपघात विभाग रात्रंदिवस उघडे असतात. दारातच सांगा की एक ओव्हरी आधीच पिळामुळे काढली आहे आणि उरलेली वाचवायची आहे. ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा कागद एका पिशवीत घालून घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा, आणि त्यांचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्येही असू द्या.